बाद केलेले स्फोट

अवकाशातून येणाऱ्या गॅमा किरणांच्या अभ्यासात हयात घालवलेल्या डॉ. इरावती पेंढारकरांचा निरोप समारंभ सुरू होणार, तोच त्यांचा सहकारी निनाद घाईघाईने खोलीत आला.

“मॅडम, एकाच जागी पुन्हा दिसलेले गॅमा स्फोट आपलं सॉफ्टवेअर बाद का करतं?”

“असा स्फोट म्हणजे ताऱ्याचं मरण, आणि तारा एकदाच मरतो रे. स्फोट पुन्हा दिसला तर दोष दुर्बिणीचा. तो नियम मीच घातलाय, तीस वर्षांपूर्वी.”

“बाद केलेले सगळे मी आज चाळले. जागा एकच. दर खेपेला चौपट प्रखर, आणि मधला काळ निम्मा.”

इरावतीबाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. चौपट प्रखर म्हणजे निम्म्या अंतरावर.

“जवळ येतंय ते,” त्या पुटपुटल्या आणि त्यांनी तो नियम काढून टाकला.

लगेच स्फोटाची सूचना देणारी घंटा वाजली. ती थांबते न थांबते तोच पुन्हा वाजली, मग पुन्हा. शेवटी मधे शांतता उरलीच नाही.