पोकलेनचा अबोला

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक पिवळं पोकलेन समोर उभं करा. हत्तीएवढं. त्याच्या अंगात कंपासपेटीएवढे दोन डबे आहेत. एक चालकाच्या आसनामागे, दुसरा पार मागे, पंपाजवळ. पुढचा डबा तारांतून निरोप धाडतो, मागचा उत्तर देतो. दिवसभर त्यांचं बोलणं चालू असतं. ते थांबलं की इंजिन नुसतं धडधडतं, खोदायची सोंड काही उचलत नाही.

पोखर्णीच्या वाटेवरच्या एका गावात, आबासाहेबांच्या घरापुढे, असंच एक पोकलेन मुकं होऊन उभं होतं. मुंबईच्या बंदरावरून आणलेलं, जुनं, जपानी. विद्यापीठाचं नामांतर झालं त्या सालची दिवाळी नुकतीच सरली होती.

परभणीहून आलेले दत्तराव मिस्त्री मशीनखाली उताणे पडून होते. चालक मुंजाजी दहा हात लांब उभा होता. जवळ यायचं नाही, असा त्याला हुकूम होता. आदल्या संध्याकाळी आबासाहेबांनी पारावर, भरल्या माणसांत सांगितलं होतं, मुंज्यानं तार तोडली.

"मागं दुसरा माणूस लागतो," दत्तराव म्हणाले. "मुंजाजी, ये इकडं."

"त्यानंच तोडलंय अन् त्यालाच हात लावू देता?" आबासाहेब खुर्चीतून ओरडले. "विद्यापीठाचं नाव बदललं तवापासून लय माज आलाय ह्यांना. उद्या पोलिसात देतो का न्हाई बघा."

"तोडली आसंल तर आत्ता कळंल की. मंग द्या."

मुंजाजी पंपाजवळ गेला. मागच्या डब्याचा प्लग त्यानं उपसला. कॅबिनच्या तळाशी तारांचा सांधा होता, तिथे दत्तराव मीटर घेऊन बसले. मुंजाजीनं तारेच्या टोकाला मीटरची लांब वायर टेकवायची, तार सलग असली की मीटर वाजायचं.

"निळी!"

"टेकवली!"

"वाजली. पिवळी?"

एकेक करून सगळ्या तारा वाजल्या. दरवेळी मीटर वाजलं की मुंजाजी मान वळवून आबासाहेबांकडे बघायचा. आबासाहेब बघायचे नाहीत.

"तार कुनी तोडलेली न्हाई," दत्तराव उठत म्हणाले. "खोट वर हाय."

ते कॅबिनमध्ये चढले. आसन पुढे ओढलं, आसनामागचा डबा सोडवला, प्लग उपसला आणि बाहेर धरला. पितळेच्या बारीक पिना हिरव्यागार झाल्या होत्या. मधे पांढरा खार साचला होता.

"हे बघा. एका पिनेचा निरोप दुसरीत सांडायलाय. मागच्या डब्याला काय समजणार? साध्या पाण्यानं असं व्हत न्हाई. ह्याच्यात काय वतलं?"

आबासाहेबांची नऊ वर्षांची नात गीता दारात उभी होती.

"गोमूत्र," ती म्हणाली. "दसऱ्याला. आबांचे गुडघे दुखतेत ना, म्हणून मी चढले वर. आबा म्हणले, आसनावर समदा तांब्या वत. मुंजाजीकाका बसतेत तिथं म्हणून."

मुंजाजीला तो दसरा आठवला. पहाटेपासून त्यानं मशीन घासूनपुसून धुतलं होतं. मग पूजेच्या वेळी आबासाहेब म्हणाले होते, तू जरा लिंबाखाली थांब. तो थांबला होता. नंतर प्रसादाचं खोबरं लांबूनच हातावर टाकलं, तेही त्यानं खाल्लं होतं. आसन ओलं लागलं, तेव्हा आपणच नीट पुसलं नसेल असं त्याला वाटलं होतं!

"गोमूत्र पवित्र आसतंय," आबासाहेब म्हणाले. "त्यानं काय व्हतंय?"

"तारेला पवित्र कळत न्हाई, आबासाहेब. खारट कळतंय."

दत्तरावांनी पेट्रोलमध्ये ब्रश बुडवून पिना घासल्या, सुकू दिल्या, दोन्हीकडचे प्लग बसवले. चावी फिरवली. समोरचा धोक्याचा लाल दिवा विझला. सोंड वर गेली, वळली, खाली आली.

"चला, झालं," आबासाहेब उठले. "मुंज्या, चढ. दोन दिवसांचं काम तुंबलंय."

मुंजाजी चढला नाही.

"काल पारावर मला बट्टा लावला तुमी. आज तिथंच येऊन सांगा, मशीन कुनी बिघडवलं ते. मंग चढतो."

"तुझ्यासाठी मी पारावर येऊ? मी?"

"माझ्यासाठी नका येऊ. खरं हाय म्हणून या."

"उतरव रे ह्याचा जेवणाचा डबा खाली!" आबासाहेबांनी आत बघून कुणाला तरी फर्मावलं. "चालक काय, छप्पन भेटतेत." ते घरात गेले आणि दार लोटून घेतलं.

मुंजाजीनं कुणाची वाट पाहिली नाही. स्वतःच कॅबिनमधून डबा काढला आणि चालू लागला. त्याच्या घराची वाट पारावरूनच जात होती. पारावर माणसं तंबाखू मळत बसली होती. त्याला बघून एकजण खाकरला, दुसरा हसला. मुंजाजीनं दात आवळले. बोलून काय उपयोग? त्याचं कोण खरं धरणार होतं?

तेवढ्यात मागून धावत कुणीतरी त्याच्या पुढे गेलं. गीता होती. त्या गावात बायका-पोरी पारावर पाय ठेवत नसत. वळसा घालून, मान खाली घालून जात. गीता सरळ वर चढली. माणसांच्या मधोमध उभी राहिली. धाप लागली होती, तरी थांबली नाही.

"मुंजाजीकाकांनी कायबी तोडलं न्हाई. आबांनी गोमूत्र दिलं, मी वतलं. त्यानं मशीन बिघडलं."

तंबाखू मळणारे हात थांबले. एका म्हाताऱ्यानं कानामागे हात धरून विचारलं, "काय म्हणली गं?"

गीतानं पुन्हा सांगितलं. या वेळी घरापर्यंत ऐकू जाईल, एवढ्या मोठ्यानं.