आकडा दोनच्या वर जाईना

"आजही दोनच," मुकादम म्हणाला.

कचरा केंद्राच्या कुंपणावर वास मोजणारे सहा सेन्सर लावले होते. आकडा पाचच्या वर गेला की फवारे आपोआप उडायचे आणि वास दबायचा. निदान तसं ठरलं होतं. महिनाभरात फवारे एकदाही उडाले नव्हते, आणि शेजारच्या इमारतींतून मात्र तक्रारींचा पाऊस. खिडकी उघडवत नाही, घास गिळवत नाही.

इंजिनिअर दिवसभर काचेच्या केबिनमध्ये डोकं धरून बसायचा. सेन्सर बदलले, वायरी बदलल्या. आकडा ढिम्म.

"मामा, मला तर काहीच सुधरेना."

"अरे, लोक खोटं बोलतात," मुकादम म्हणाला. "बिल्डरचा डोळा आहे या जागेवर."

बोलला खरा, पण त्याची नजर फाटकावर होती. आज तपासनीस बाई यायच्या होत्या. तक्रार खरी ठरली तर केंद्राला टाळं आणि चाळीस माणसं घरी. त्यातली निम्मी त्यानेच कामाला लावलेली. रात्री जेवणही गेलं नव्हतं. सुनेने नेहमीसारखं त्याचं ताट गच्चीत वाढलं होतं, "बाबा, इथे हवा छान लागते" म्हणत. पोरगी गुणाची.

बाई आल्या. आकड्यांचा फलक पाहिला, कुंपणाला फेरी मारली. मग इंजिनिअरकडे वळल्या.

"वास किती वाईट, हे सेन्सरला कळतं कसं?"

"शिकवावं लागतं, मॅडम. पिशवीत इथली हवा भरून माणसाला हुंगायला देतो. तो शून्य ते दहा आकडा सांगतो. सेन्सर तेच शिकतो."

"माणूस कोण होता?"

"मी!" मुकादम पुढे झाला. "बत्तीस वर्षं झाली इथे. माझ्याइतका कचरा कुणी हुंगला नसेल."

बाईंनी पर्समधून छोटी बाटली काढली, बूच उघडलं आणि हात लांब करून त्याच्यापुढे धरली.

"हिला किती द्याल?"

ही परीक्षा की थट्टा, मुकादमाला कळेना. त्याने बाटली नाकाशी नेली, डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला. एकदा. दोनदा.

"शून्य," तो म्हणाला. "साधं पाणी आहे, बाई."

मागे भिंतीला धरून इंजिनिअर ओकत होता.