नोकरनामा

डोंगरसिंगनं आप्पांच्या पेल्यावर पंजा ठेवला.

"आता नाही, आप्पा."

शेजारच्या टेबलावरचे ट्रकवाले वळून बघू लागले. नवापूरच्या या परमिट रूममध्ये शिवाजीआप्पांना आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं. आप्पांच्या कोंबड्यांच्या मोठ्या शेड होत्या. ऊन कललं की ते येत, कोपऱ्यात एकटेच बसत. जीभ जड झाली की मोटरसायकल काढून हायवेनं घरी जात. ते मागत, वेटर भरत.

डोंगरसिंग नवा होता. धडगावकडचा. दारू वाढायचा परवाना, नोकरनामा, त्याला नुकताच मिळाला होता. ते कार्ड देताना एक्साईजच्या साहेबांनी बजावलं होतं, झिंगलेल्याला पुढं द्यायची नाही. बाकीच्यांनी ते ऐकून सोडून दिलं. डोंगरसिंगला सोडता आलं नाही. आज पेला समजून आप्पांनी मिठाची डबी ओठांना लावली, तेव्हा तो पुढं झाला.

"कोन शे तू माले नही म्हननारा?" आप्पा ओरडले.

मालक चुडामणभाऊ गल्ला सोडून धावत आले. "आरे, रोजना मानूस शे तो! दे त्येले. नही त निंघ आठून!"

 इथून निघालं की डोंगरसिंगला पुन्हा गुजरातेत ऊसतोडीला जाणं आलं. तरी पेल्यावरचा हात त्यानं काढला नाही.

"जातो, मालक. पण यांना देणार नाही. समोर हायवे आहे." मग तो आप्पांकडे वळला. "बस झालं आता. चावी द्या. मी रिक्षा आणतो. घरी जाऊन दोन घास खा."

आप्पांनी हात उगारला. तो तसाच वर राहिला. मग ते हळूहळू खाली बसले आणि हुंदके देऊन रडू लागले. चुडामणभाऊ गल्ल्याकडे परतले.

डोंगरसिंगनं रिक्षा आणली. आप्पांनी चावी त्याच्या हातावर ठेवली.

"मन्ही बायको गयी, तवयपाईन माले 'आते बस' म्हननारं कोनीच ऱ्हायनं नही," ते म्हणाले.

त्यानं त्यांना धरून रिक्षात बसवलं. आप्पांनी त्याचं मनगट सोडलं नाही.

"उद्या बी म्हनशी ना?"