टच खराब असल्याचा दाखला

"शिक्कासुद्धा मारा," तपासनीस म्हणाले. "तारीख घाला आणि खाली स्पष्ट लिहा. टच खराब आहे, आपोआप दाबला जातो, वापरणाऱ्याचा दोष नाही."

दुरुस्तीवालीने डोळ्याचं भिंग वर सरकवलं. टच गेला म्हणून तिच्याकडे रोज दहा माणसं येत. दाखला मागणारा हा पहिलाच.

"आधी बघू तर द्या, काका."

तपासनीसांनी बत्तीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासले होते. शिक्का असला की खरं, नसला की खोटं, एवढंच त्यांना ठाऊक. आणि आता त्यांच्यावरच खोटेपणाचा आळ आला होता. मागच्या मंगळवारी त्यांचे भाऊजी गेले. भाच्याने घरच्या ग्रुपवर बातमी टाकली, तर तिच्याखाली पहिलं उत्तर यांच्या नावाने. दात काढून हसणारं पिवळं तोंड. एक नाही, सात.

"बातमी वाचली, डोळे भरून आले, म्हणून फोन गादीवर ठेवून चष्मा पुसत होतो," त्यांचा आवाज चढला. "तेवढ्यात यानं हा प्रताप केला! आणि भाचा सगळ्यांदेखत विचारतो, मामा, शोभतं का हे? कालची पोरं मला शिकवणार?"

दुकानातल्या एकुलत्या एक स्टुलावर त्यांची थोरली बहीण, ताई, बसली होती. शहानिशा तिच्यासमोर व्हावी म्हणून त्यांनी बायकोकरवी निरोप पाठवून तिला इथे बोलावलं होतं. भाचा शब्द मागे घेत नाही तोवर त्या घराची पायरी चढणार नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं. नवरा जाऊन आठ दिवस झालेली बाई दोन गल्ल्या चालत आली. धाकट्याचे हट्ट पुरवायची तिला जन्माची सवय.

दुरुस्तीवालीने फोनवर तपासणी सुरू केली. पडदाभर पांढऱ्या चौकटी आल्या. तिचं बोट फिरेल तशा त्या हिरव्या होऊ लागल्या. उजव्या कडेचा पट्टा मात्र घासूनपुसूनही पांढराच राहिला. तिने बोट उचललं, तशा त्या पट्ट्यातल्या चौकटी कोणी हात न लावता एकामागून एक हिरव्या झाल्या.

"बघ!" तपासनीस जवळजवळ ओरडलेच. "बघितलंस ना ताई? तुझ्या डोळ्यांनी बघ!"

ताईने बघितलं.

"आत पाणी गेलंय," दुरुस्तीवाली म्हणाली. "याच्यावरून फोनही आपोआप लागत असतील."

"लागतात म्हणजे? वीट आणलाय नुसता! ती यादी काढा आणि हिला दाखवा."

तिने यादी काढली. फोन लावायची खूण नेमकी त्याच कडेला होती. इस्त्रीवाल्याला चार वेळा. गॅसवाल्याला दोनदा. दाताच्या डॉक्टरांना परवा पहाटे पाचला.

"ते डॉक्टर माझ्यावर असे खेकसले म्हणता! सकाळी उठलो आणि तडक त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, साहेब, चूक फोनची आहे, माझी नाही. उगाच गैरसमज नको."

"स्वतः गेलास?" ताईने विचारलं. ती पहिल्यांदाच बोलली.

"गेलो की. लांब राहतात, दोन बस बदलून गेलो."

"बरं केलंस."

दुरुस्तीवाली यादी खाली सरकवत होती. बरंच खाली 'ताई' असं नाव आलं. तारीख गेल्या महिन्यातली. तिने एकदा स्टुलाकडे पाहिलं, फोन तसाच काउंटरवर उताणा ठेवला आणि दुकानाच्या नावाचा कागद ओढला. काकांनी सांगितलं तसंच्या तसं लिहिलं आणि शिक्का मारला, जरा जोरातच मारला.

तपासनीसांनी दाखला दोनदा वाचला. शिक्क्याची शाई वाळली का ते बघितलं. मग तो ताईच्या पुढ्यात धरला.

"घे, वाच. आणि तुझ्या चिरंजीवांनाही दाखव."

ताईने कागद हातात घेतला नाही.

"मला हे त्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "त्यांच्या जाण्यावर तू हसशील? लहानपणापासून ओळखते मी तुला. पोराला तिथल्या तिथे दटावलं. म्हटलं, फोन बिघडला असेल मामाचा."

तपासनीसांचा हात हवेतच राहिला.

"मग सांगायचं नाहीस? आठ दिवस मी इथे जळतोय! एका शब्दाने सांगायचं नाहीस?"

"सांगणार होते ना. तू आलास की सांगणार होते. रोज दाराकडे बघत होते."

तपासनीस दाखल्याची नसलेली घडी सरळ करू लागले. दुरुस्तीवालीने भिंग डोळ्यावर ओढून दुसराच कुठलातरी फोन उघडायला घेतला.

तेवढ्यात ताईच्या पिशवीत फोन वाजला. तिने तो काढला, लांब धरून नाव वाचलं.

"तुझाच आहे," ती म्हणाली. "तुझे भाऊजी गेल्यापासूनचा पहिला."

तपासनीसांनी काउंटरकडे पाहिलं. त्यांचा फोन होता तिथेच होता. कोणीही त्याला हात लावला नव्हता.

ताईने फोन घेतला, कानाला लावला आणि दोन हातांवर दाखला धरून उभ्या असलेल्या भावाकडे बघत म्हणाली, "हं. बोल."