हिरवं लुगडं

रेडीच्या कातळसड्यावरून समोरच्या उतारावर हिरवं लुगडं वाळताना दिसलं, की आवडाबाईंचा जीव भांड्यात पडे. तिथं लेकीचं सासर; तेरेखोल नदीच्या याच काठावर, पण राज्य पोर्तुगीजांचं. सरहद्द बंद झाली तेव्हा मायलेकींनी ठरवलं होतं, शेवंती खुशाल असेल तोवर तिचं लग्नातलं लुगडं रोज वाळत घालेल.

तिकडे धान्य मिळेनासं झालं. आवडाबाई स्वतः पेजेवर राहून हद्दीच्या दगडामागे तांदूळ ठेवून येत. लेकीची सासू मागाहून ते घेऊन जाई.

गोवा मुक्त होऊन सरहद्द उठली त्या दिवशी आवडाबाई ओटीचा नारळ घेऊन धापा टाकत पोचल्या. दोरीवरचं लुगडं एक अनोळखी बाई काढत होती.

"माजी शेवंती खंय?"

"ती पयल्याच बाळंतपणात गेली. मी दुसरेपणाची."

"मगे ह्या लुगडा?"

"सासूबाय सांगतत, रोज वाळत घाल, नायतर तांदूळ बंद होतले."

तेवढ्यात सासू सूप घेऊन ओटीवर आली. आवडाबाईंच्या हातातल्या नारळाकडे बघून तिनं विचारलं,

"आज नुसतो नारळच, विहीणबाय?"