शीतगृहातली वाफ

सामायिक शीतगृह झाल्यामुळे यंदा पहिल्यांदाच सफरचंदं नासली नव्हती. दोघी जावा भर दुपारी खुशीतच आपले क्रेट बघायला आत शिरल्या.

गारठ्याने दोघींच्या तोंडातून वाफ निघू लागली.

“जाऊबाई, तुमचं तर इंजिनच झालंय!” धाकटी म्हणाली.

थोरलीची हसून हसून पुरेवाट झाली. हसण्यासरशी वाफेचे दोन ढग वर जात होते. तेवढ्यात शेजाऱ्यांच्या गाजरांमागून तिसरा उठला.

“कोण आहे गं तिकडे?”

धाकटीने वाकून पाहिलं. मागे नुसती भिंत होती. “कुणी नाही हो!”

थोरलीने हसू आवरून श्वास रोखला. धाकटीनेही रोखला.

गाजरांमागची वाफ मात्र थांबेना. हसू अनावर झाल्यासारखी ती भसाभस येतच राहिली.