टर्बो की बिनटर्बो

मृण्मयीला कळा सुरू झाल्या तेव्हा तिचा नवरा आणि भाऊ अंगणात आपापल्या स्पोर्ट्स कार पुसत होते. "हिला दवाखान्यात न्यायचंय," असं सासूबाईंनी सांगताच दोघांनीही किल्ल्या काढल्या.

"माझ्या गाडीतून नेऊ. टर्बो आहे, चुटकीसरशी पोचू," नवरा म्हणाला.

"दाजी, तुमचा टर्बो आधी हवा भरणार, मग पळणार," भाऊ म्हणाला. "माझ्या इंजिनाला असला टेकू लागत नाही. पाय ठेवला की निघाली."

"चढावर धापा टाकते तुझी."

"दवाखान्याच्या वाटेवर चढ आहेच कुठे?"

मृण्मयी ओसरीचा कठडा धरून दोन्ही गाड्यांकडे बघत होती. दोन्हींच्या सीट जवळजवळ जमिनीला टेकलेल्या, आणि तिला आता वाकून चप्पलही घालता येत नव्हती. तिने नवऱ्याला हाक मारली.

"एक मिनिट हं, याला टॉर्क म्हणजे काय ते सांगतो."

दुसरी हाक तिने रिक्षाला मारली. सासूबाई शेजारी बसल्या.

दुसरी खेप होती, फार वेळ लागला नाही. मुलगी झाली. सासूबाईंनी फोनवर कळवलं, आणि थोड्याच वेळात खाली दोन इंजिनं गुरगुरून थांबली. वर मात्र कोणीच आलं नाही.

"बाळाचे वडील आलेत का?" नर्सने विचारलं.

सासूबाईंनी खिडकीतून डोकावून पाहिलं. खाली दोघं हातवारे करत भांडत होते.

"आलेत," मृण्मयी लेकीला जवळ घेत म्हणाली, "पण पहिलं कोण आलं, ते अजून ठरायचंय."